पोत्यावरचं प्रोटीन आणि पोटातलं प्रोटीन

टेबलावर दोन ताटल्या आहेत. एकीत शेंगदाणा पेंड, दुसरीत सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड. दोन्ही पोत्यांवर प्रोटीन 45 टक्क्यांच्या आसपास छापलंय. त्यातली शेंगदाणा पेंड स्वस्त पडली की डुकरांसाठी तीच उचलायची, हा आपला हिशेब. मग दोन-तीन महिन्यांनी मला फोन येतो, "डॉक्टर, डुकरं खातात भरपूर, पण वजन धरत नाहीत."

हा 45 चा आकडा येतो कुठून? प्रयोगशाळेत थेट प्रोटीन मोजत नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला 6.25 ने गुणतात. योहान केल्डाल यांनी ही पद्धत 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली. हो, बिअरवालेच ते! नायट्रोजन प्रोटीनमधला आहे की युरियातला, हे या पद्धतीला कळत नाही. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. 6.25 ने गुणा, उत्तर 287 टक्के प्रोटीन. शंभर किलोच्या ढिगात एक किलो युरिया मिसळला तरी कागदावरचं प्रोटीन दोन टक्क्यांहून जास्त चढतं.

पेंड अगदी चोख असली तरी प्रश्न उरतोच. डुकराचं पोट आपल्यासारखं, एका कप्प्याचं. प्रोटीन तुटून त्याची अमिनो आम्लं होतात आणि ती लहान आतड्यात शोषली जातात. तिथून जे पुढे निसटलं ते वाया. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावर ताव मारतात, अमोनिया तयार होतो, तो रक्तातून फिरून युरिया होऊन लघवीतून जातो. विष्ठेत मात्र नायट्रोजन कमी दिसतो, आणि आपल्याला वाटतं, वा, छान पचलं!

म्हणून संशोधक लहान आतड्याच्या शेवटालाच गाठतात. शस्त्रक्रिया करून तिथे टी आकाराची नळी बसवतात, तिचं तोंड डुकराच्या कुशीतून बाहेर काढतात. एरवी झाकण लावलेलं. मोजणीच्या दिवशी झाकण काढून प्लास्टिकची पिशवी बांधायची, भरली की बदलायची. खाद्यात न पचणारी थोडी खूणपूड मिसळलेली असते, तिच्यावरून किती शोषलं ते काढतात.

आता लायसिन बघा. मका-ज्वारीवर वाढणाऱ्या डुकराला सगळ्यात आधी तुटवडा पडतो तो याच अमिनो आम्लाचा. शंभर किलो डीओसीत साधारण पावणेतीन किलो लायसिन असतं, त्यातलं नव्वद टक्क्यांच्या जवळपास शोषलं जातं. हातात अडीच किलो. शेंगदाणा पेंडीत मुळात दीडच किलो, शोषण पाऊणच्या आसपास, हातात सव्वा किलोही नाही. पोत्यावरचा आकडा तोच, डुकराच्या पदरात निम्म्याहून कमी! त्यात पेंड दमट गोदामात राहिली तर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीच्या विषाची, भीती वेगळीच.

आता सोयाबीन चांगलं म्हणून कुणी शेतातलं कच्चंच भरडून घालतात. तसं करू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन रोखणारे घटक असतात आणि ट्रिप्सिन हा प्रोटीन तोडणारा पाचकरस. उष्णतेने ते निकामी होतात. पण जास्त भाजलं तर लायसिन साखरेला चिकटून बसतं आणि डुकराच्या कामाचं राहत नाही. नायट्रोजन मात्र जागेवरच, म्हणून पोत्यावरचा आकडा हलत नाही.

भाजणी बरोबर आहे का, हे बघायला मी या डीओसीवर युरिया आणि फिनॉल रेड या रंग बदलणाऱ्या द्रव्याचं पिवळसर द्रावण ओततोय. कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज हे विकर युरियातून अमोनिया काढतं आणि त्यामुळे तो दाणा लाल होतो. पाच मिनिटं थांबू.

तोवर मागून आलेला प्रश्न घेतो: "सरकी पेंड गाईला चालते, मग डुकराला का नाही?" सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो. गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात ते बरंचसं बांधलं जातं, डुकराला ती सोय नाही. शिवाय तेल गाळताना उष्णतेने गॉसिपॉल लायसिनलाच धरून बसतं, म्हणून सरकीतलं लायसिन जेमतेम साठ-पासष्ट टक्के शोषलं जातं. सालासकट पेंडीत तर नुसता चोथाच जास्त. थोडी घालायचीच असेल तर मोकळं, म्हणजे कशालाही न बांधलेलं, गॉसिपॉल तपासून घ्या. पूर्ण खाद्यात ते किलोमागे 100 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका.

आता ताटली बघा. पिवळ्यावर इथे-तिथे लाल ठिपके उठलेत. अख्खी ताटली लाल झाली असती तर माल कच्चा. अर्ध्या तासानेही एकही ठिपका नसता तर करपल्याचा संशय घेतला असता. हा माल घ्यायला हरकत नाही. पुढे या, जवळून बघा, पण द्रावणात बोट घालू नका.