रुमी मस्तकीच्या बेटावर खरेदी

[दृश्य: कागदावर ओतलेले पांढुरके खडे. त्यातला एक चिमटीत.]

वाटाण्याएवढा, झाडाच्या डिंकाचा खडा. वरून पिठूळ, आतून काचेसारखा. दाताखाली धरला की चुरा होतो आणि कडवट लागतो. थुंकू नका, चघळत राहा. मिनिटभरात तो चुरा एकत्र येतो, पांढराशुभ्र होतो आणि च्युइंगमसारखा ताणायला लागतो. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात हाच रुमी मस्तकी म्हणून मिळतो. ग्रीसच्या खिओस बेटावर त्याला मस्तिखा म्हणतात. इथली खरेदी याच्यापासूनच सुरू करावी.

झाड पिस्त्याच्या कुळातलं, बेटाच्या दक्षिण भागातल्या गावांत वाढणारं. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून सपाट करतात आणि तिच्यावर पांढरी चुनामाती पसरतात. मग खोडाला बारीक, उथळ चिरा देतात. डिंक थेंबाथेंबानं चुनामातीवर पडतो, तिथेच घट्ट होतो आणि मातीनं मळत नाही. मध्येच पाऊस आला तर माल खराब होतो. वेचणी १५ ऑगस्टपासून. त्यानंतर धुणं, चाळणं, आणि हिवाळाभर घरोघरी बायका सुरीच्या टोकानं एकेका खड्याला चिकटलेला कचरा खरवडतात. नवं झाड डिंक देऊ लागायला पाच-सहा वर्षं जातात. २०१२ च्या वणव्यात अशी कितीतरी झाडं जळाली. किमतीवरून घासाघीस करण्याआधी एवढं लक्षात असू द्या.

खडे मोठे, मध्यम, लहान अशा वेगवेगळ्या पाकिटांत मिळतात. मोठे चघळायला. स्वयंपाकासाठी लहान घ्या. कुटायचेच आहेत, तर आकाराचे पैसे कशाला मोजायचे? उत्पादकांचा सहकारी संघ १९३८ पासून आहे आणि त्याची स्वतःची दुकानं आहेत. पाकिटावर युरोपीय संघाचा लाल-पिवळा गोल शिक्का बघा. हे भौगोलिक संरक्षण, म्हणजे ते नाव फक्त त्याच भागातल्या मालाला, खिओसच्या मस्तिखाला १९९७ पासून आहे.

[दृश्य: गार पाण्याचा पेला, त्यात बुडवलेला चमचा.]

लुकुमी (साखर-स्टार्चच्या मऊ वड्या), बिस्किटं, लिकर यांच्या बाबतीत मात्र लेबल वाचूनच पैसे द्या. घटकांत मस्तिखा किंवा मस्तिखाचं तेल लिहिलेलं हवं. नुसतं ‘सुगंध’ लिहिलं असेल तर पाकीट परत ठेवा. गोडात आमची पहिली पसंती ‘पाणबुडी’ला, ग्रीकमध्ये इपोव्रीखिओ. साखरेचा घोटून पांढरा केलेला, मस्तिखा घातलेला दाट गोळा चमच्याला लावून बर्फगार पाण्यात बुडवतात. गोळा चाटायचा, वर ते पाणी प्यायचं. पाणी कोमट असेल तर गोळा विरघळून नुसतं सरबत होतं.

दुसरं गोड म्हणजे चमच्यानं खायचे मुरंबे. खिओस शहराजवळच्या कांबोस भागात जुन्या संत्र्या-मँडरिनच्या बागा आहेत. कडू संत्र्याची साल पुन्हा पुन्हा पाणी बदलून उकळतात, तेव्हा कुठे तिचा कडूपणा उतरतो. मग ती पाकात मुरते. बरणी उजेडात धरा. पाक पारदर्शक हवा आणि सालीची गुंडाळी अखंड. तळाशी खडीसाखर धरली असेल तर पाक जास्त आटलाय किंवा त्यात लिंबू कमी पडलंय.

पिर्गी गावात भिंतीच सजवलेल्या आहेत. गडद वाळूच्या गिलाव्यावर चुन्याचा थर देतात आणि तो ओला असतानाच जेवणाच्या काट्यानं खरवडून त्रिकोण, चौकटी, वर्तुळं काढतात. या कलेचं नाव क्सिस्ता. त्याच नक्षीची वस्तू घेताना तिच्यावरून नख फिरवा. खरवडलेल्या रेषेत ते अडकतं, छापील रेषेवरून सरळ निसटतं.

जवळचं आर्मोलिया हे कुंभारांचं गाव. आपण माठ घेताना करतो तेच इथे करा: भांड्याला टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. आत जेवण वाढायचं असेल तर झिलई त्यासाठी चालते का, हे विचारून घ्या.

विमानात मुरंब्याची बरणी द्रवातच मोजतात, तेव्हा ती मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. खडे उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. एकमेकांना चिकटून त्यांचा एकच गोळा होतो. घरी आल्यावर ते तासभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि चमचाभर साखरेबरोबर खलबत्त्यात कुटा. गरम खडे बत्त्याला चिकटून बसतात. लिटरभर दुधाच्या खिरीला पाव छोटा चमचा पूड पुरे. जास्त झाली तर खीर कडू. अख्खा खडा कधीच टाकू नका. तो पातेल्याच्या तळाला चिकटतो आणि घासूनही निघत नाही.