मिश्र कळपासाठी पोतं कोणतं आणायचं?

मघाशी दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. खुराड्यात वाढती पिल्लं आहेत, अजून अंड्यावर न आलेल्या तलंगा आहेत, अंडी देणाऱ्या कोंबड्या आहेत, शिवाय एक कोंबडा. मग पोतं कोणतं आणायचं? बहुतेक जण लेअरचं आणतात. अंडी हवीत ना, मग अंड्याचं खाद्य! गफलत होते ती इथेच.

लेअर आणि ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं खाद्य, यांच्या प्रथिनांत फार अंतर नसतं. खरा फरक कॅल्शियमचा. ग्रोअरमध्ये ते 1 टक्क्याच्या आसपास, लेअरमध्ये साडेतीन ते चार टक्के. अंडी देणाऱ्या कोंबडीला ते लागतंच, कारण एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. दिवसाला 110 ग्रॅम लेअर खाल्लं की तिच्या पोटात चारेक ग्रॅम पडतं, त्यातलं निम्मं अंगी लागलं तरी हिशेब जुळतो. पण पिल्लू अंडं घालत नाही. ते जादा कॅल्शियम त्याच्या मूत्रपिंडांवर येतं. नुकसान लगेच दिसत नाही, म्हणून तर मालकाला पत्ता लागत नाही. कोंबड्याला आणि खुडूक कोंबडीलाही ते नकोच असतं.

म्हणून माझा सरळ सल्ला: कळपातल्या सगळ्यात नाजूक तोंडाकडे बघून पोतं निवडा. दोनेक महिन्यांच्या आतली पिल्लं मोठ्यांबरोबरच खात असतील तर सगळ्यांना स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य, चालतं; पैसे जास्त जातात, एवढंच. मात्र त्यात औषध घातलेलं नाही ना, हे लेबलवर वाचा, कारण अंडी तुम्ही खाणार आहात. पिल्लं त्यापुढे गेली की सगळ्यांना 16 ते 18 टक्के प्रथिनांचं ग्रोअर घाला. लेअरचं पोतं, सगळ्या माद्या अंड्यावर आल्यावर बघू.

मग अंडी देणाऱ्यांचं कॅल्शियम? शिंपल्यांचा चुरा, वेगळ्या भांड्यात. खाद्यात कालवू नका, कालवलात तर पुन्हा सगळ्यांच्याच पोटात जाईल. संध्याकाळी त्या भांड्यापाशी जरा उभं राहून बघा. अंड्यावरची कोंबडी येऊन भरड तुकडे टिपते. तलंग एखादी चोच मारते आणि निघून जाते. कवच बनण्याचं काम बरंचसं रात्री चालतं आणि भरड तुकडा हळूहळू विरघळत रात्रभर पुरतो. चुऱ्याचं पीठ करून घालणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

शिंपले म्हणजे ग्रिट नव्हे. दाणा दळायला गिझर्डमध्ये, म्हणजे कोंबडीच्या दाणा दळणाऱ्या जठरात, न विरघळणारे खडे लागतात. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या ते स्वतःच शोधतात, कोंडलेल्यांना द्यावे लागतात.

दाणे आणि उरलंसुरलं यांचं म्हणाल, तर दिवसाच्या खाण्यात दहावा हिस्सा, त्याहून जास्त नको. मूठभर मका टाकली की सगळ्या धावत येतात, आपल्याला बरं वाटतं, पण त्या मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्केच. पोट त्यानंच भरलं तर पोत्यावरचे सगळे आकडे फुकट.

पिसं झडायला लागली की मात्र हात सैल सोडा. पिसं जवळजवळ पूर्ण प्रथिनांचीच असतात आणि त्या काळात अंडी बहुधा थांबतात. तेव्हा 18 ते 20 टक्के प्रथिनांचं खाद्य नवी पिसं नीट फुटेपर्यंत द्या. शिंपल्यांचं भांडं तेव्हाही जागेवरच असू द्या. गरज नसेल तर त्या ढुंकूनही बघणार नाहीत.