पंपावरचा भाव आणि आपला फेरा

राम राम, श्रोते हो.

नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. बसल्या जागी जरा सरकलं की राज्य बदलतं. आणि राज्य बदललं की पेट्रोलचा भावही बदलतो. केंद्राचं उत्पादन शुल्क दोन्हीकडे सारखंच, पण पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं. आपल्याकडे तो जास्त. म्हणून गेली काही वर्षं गुजरात हद्दीत पेट्रोल लिटरमागे कित्येक रुपयांनी स्वस्त मिळतं. नवापूरकर तिकडे टाकी भरतात ते बरोबरच आहे, हद्द त्यांच्या दाराशी आहे.

पण लांबून खास पेट्रोलसाठी जाणाऱ्यांनी आधी हिशेब मांडावा, एवढं मला कळकळीनं सांगायचं आहे. समजा, लिटरमागे 9 रुपये वाचतात आणि तुम्ही फटफटीत 10 लिटर टाकलं. वाचले 90. येऊन-जाऊन 40 किलोमीटर झाले आणि गाडी लिटरला 50 देते, तर पाऊण लिटरच्या वर पेट्रोल रस्त्यातच गेलं, म्हणजे 75-80 रुपये. हातात उरले दहा-पंधरा, आणि अर्धा दिवस मोडला तो वेगळाच. डिझेलच्या भावातला फरक तर याहून बराच कमी असतो. ट्रॅक्टरवाल्या दादांनी त्यासाठी कॅन घेऊन हद्द ओलांडू नये. उन्हातान्हात गाडीला बांधलेलं डिझेल धोक्याचंच.

आपल्याच जिल्ह्यांत भाव वेगळे का, असंही लोक विचारतात. इंधनाचा मोठा डेपो मनमाडजवळ पानेवाडीला आहे. तिथून टँकर जितका लांब जाईल तितकं वाहतुकीचं भाडं भावात मिसळतं. परभणीला पेट्रोल महाग पडतं, त्यामागेही हेच अंतर आहे. एकाच गावात दोन कंपन्यांच्या पंपांवर फरक दिसला तर तो बहुधा काही पैशांचाच असतो. 16 जून 2017 पासून भाव रोज सकाळी 6 वाजता बदलू शकतो, त्यामुळे कालच्या आकड्यावर जाऊ नका. पंपावर आजचा भाव लावलेला असतो, तो वाचा.

त्या पैशांपेक्षा मला मापाची जास्त काळजी वाटते. पंपावर 5 लिटरचं प्रमाणित माप ठेवावंच लागतं आणि ग्राहकानं मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. त्यात 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. त्याहून जास्त तूट आली, तर वजनमापे खात्याकडे तक्रार करा. दर 5 लिटरला 100 मिलिलिटर कमी आलं, तर शंभराच्या भावानं लिटरमागे दोन रुपये गेले. एवढा फरक गावातल्या दोन पंपांच्या भावांत सहसा नसतो.

पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरला एकदम 50 लिटर डिझेल घ्याल, तेव्हा मागं कितीही रांग असली तरी आधी यंत्रावर शून्य आलंय का ते बघा, आणि शंका आली तर ते माप मागा.