दारात कोण उभं आहे?

(खान्देशातल्या आशाताई आणि समाजकार्याच्या विद्यार्थिनींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पुढे आशाताई आहेत, मागे समाजकार्याच्या मुली, आणि भिंतीला टेकून काही भाऊ उभे आहेत. खुर्च्या रिकाम्या आहेत, बसून घ्या. विषय तुमचाही आहे.

मला स्त्रियांच्या आरोग्यावरच्या संशोधनाबद्दल बोलायला सांगितलंय. आकडे देईन, पण आकडा निघतो कसा यावर जास्त बोलेन. आपल्याकडे फॉर्म घेऊन गेलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, ‘काही नही वं माय, बरं शे.’ आपण ‘नाही’वर खूण करतो आणि पुढच्या घरी जातो. ते ‘बरं शे’ कुणासमोर म्हटलं, किती वाजता म्हटलं, ते फॉर्मवर कुठेच येत नाही.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 बायकांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष 1989च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तक्रार सांगणाऱ्या बायका होत्या 55 टक्के. प्रत्यक्ष तपासणीत एक तरी स्त्रीरोग निघालं 92 टक्के बायकांत, आणि सरासरी काढली तर एकेकीला साडेतीनाहून जास्त आजार. त्याआधी कधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या फक्त 8 टक्के. तेव्हा बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढाच सरकारी हिशेब होता. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, याला कुणी आजार म्हणतच नव्हतं. नुसतं विचारून पाहणी थांबली असती, तर निम्म्या बायका ‘निरोगी’ म्हणून कागदावर गेल्या असत्या.

आता आपल्या शिवारात या. कपाशीची वेचणी किलोवर असते. दिवसभरात जितकं वजन भरेल तितके पैसे. बाई पहाटे स्वयंपाक उरकून निघते. शेतात पाणी असतं, पण ती पीत नाही, कारण प्यायलं की उठावं लागतं. उठलं की वजन कमी भरतं, आणि जायचं तरी कुठे? रावेर-यावलकडे केळीच्या बागेत निदान आडोसा मिळतो. कपाशीत कमरेइतक्या झाडामागे कोण बसणार? तिला विचारा, ‘लघवीला जळजळ होते का?’ ‘नाही’ म्हणेल. तेच ‘सकाळी निघाल्यावर पुन्हा कधी गेलात?’ असं विचारा. आधी हसेल, शेजारणीकडे बघेल, मग म्हणेल, ‘घरी आल्यावरच.’ त्यापुढे जळजळ, कंबर, ताप सगळं आपोआप निघतं. पाळीच्या दिवसांचं तर विचारूच नका. म्हणजे विचाराच, पण असंच, दिवसाच्या क्रमानं.

दिवसाच्या क्रमानं विचारण्याची ताकद मोठी असते. 2019च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात ‘काम करता का?’ एवढ्यावर भागवलं नाही. आदल्या दिवशी पहाटे 4पासून अर्ध्या-अर्ध्या तासाला काय केलं, ते लिहून घेतलं. बिनपगारी घरकाम केलेल्या बाईची सरासरी 299 मिनिटं निघाली, असं काम केलेल्या पुरुषाची 97. ‘मी काही करत नाही, घरीच असते,’ म्हणणाऱ्या बाईचे हे जवळजवळ पाच तास. विश्रांती घ्या असा सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनी हा तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवावा.

नंदुरबारचं वेगळं सांगायला हवं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे 2019-21मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. पण धडगाव-अक्कलकुव्यात भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजारही आहे. तिथे ‘रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या खा’ एवढ्यावर थांबून चालत नाही. सांधे ठणकतात ते कामानं की आजारानं, हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि गरोदरपणात तर हा आजार जिवावर बेतू शकतो. 1 जुलै 2023ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, चाचण्या वाढल्या, चांगलं झालं. माझी काळजी पुढची आहे. वाहक असणं, म्हणजे एकाच बाजूनं जनुक आलेलं असणं, हे आजारी असणं नव्हे. आणि बाळाला आजार व्हायला दोन्हीकडून जनुक यावं लागतं. तरी मुलीचा रिपोर्ट गावात फुटला की स्थळ मोडतं, मुलाचा कुणी मागतही नाही. तेव्हा रिपोर्ट ओट्यावर मोठ्यानं वाचू नका. ज्याचा त्याच्या हातात द्या.

आणि मारहाण. याच राष्ट्रीय पाहणीत देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी 77 टक्क्यांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. मदत मागणाऱ्या 14 टक्के. ज्यांनी पाहणीतही सांगितलं नाही, त्या यात धरलेल्याच नाहीत. लोक मला म्हणतात, आमच्या गावात असलं काही नाही. मी वाद घालत नाही. तुम्ही विचारलं तेव्हा दारात कोण उभं होतं, एवढंच विचारते.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2001मध्ये अशा संशोधनासाठी सुरक्षिततेचे नियम काढले. एका घरातून एकाच बाईशी बोलायचं, म्हणजे बाकीच्यांना प्रश्न कळत नाहीत. एकांत नसेल तर हा भाग घ्यायचाच नाही. दोन वर्षांवरचं मूलसुद्धा जवळ नको, कारण ते संध्याकाळी बापाला सांगतं. गावात पाहणीचं नाव ‘महिलांचं आरोग्य’ सांगायचं, बाईला मात्र विषय स्पष्ट सांगून तिची संमती घ्यायची. मध्येच सासू सुपात दाणे घेऊन ओट्यावर येऊन बसली, तर त्याच सुरात लसीकरणाकडे वळायचं. हे वळणं आधी आपसात घोकून घ्या, ऐनवेळी जमत नाही. अर्धवट राहिलेला फॉर्म चालेल. तुम्ही गेल्यावर तिनं मार खाल्ला, तर मात्र ते संशोधन नव्हे.

आशाताईंना एक विनंती. तुम्ही त्याच गावच्या, त्याच भाऊबंदकीतल्या. तुमच्यावर विश्वास आहे, पण तुमच्यासमोर बोलायची भीतीही आहे. जावेचं गाऱ्हाणं तुमच्या नणंदेपर्यंत जाईल असं तिला वाटतं, आणि तिचं काही चुकत नाही. म्हणून हिंसेचे प्रश्न बाहेरगावच्या मुलींनी विचारावेत, पुढची सोबत तुम्ही द्यावी. मुलींनीही निघण्याआधी जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचं कार्यालय कुठे आहे ते पाहून ठेवावं. 2005च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यानं नेमलेला हा माणूस आहे; बाईनं मदत मागितली आणि तुम्हालाच पत्ता माहीत नाही, असं नको.

चिठ्ठीचं सांगते आणि थांबते. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर मोठ्या लाल अक्षरांत छापून वाटू नका. असा कागद घरात सापडला की तिचीच चौकशी सुरू होते. छोटी चिठ्ठी करा. गरोदर बाईच्या गाडीचा 102, रुग्णवाहिकेचा 108, लसीकरणाचा वार, आणि त्यातच मध्ये कुठेतरी 181. सगळ्या घरांत तीच द्या, पुरुषांच्या हातातही द्या. आता प्रश्न विचारा. भिंतीकडच्या भाऊंपासून सुरू करू.