साउथवेलचं आंबट सफरचंद

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधलं साउथवेल. चर्च स्ट्रीटवरच्या एका जुन्या घराचं हे परसू, आणि हे ब्रॅम्ली सफरचंदाचं मूळ झाड.

1809 साली या घरातल्या मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं सफरचंदाच्या बिया कुंडीत रुजवल्या. बियांपासून काय निघेल, याचा काही नेम नसतो. कोयीपासून आंबा लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. इथं मात्र निघालं ते असं: हातात मावणार नाही एवढं मोठं, हिरवं, आंबटढाण.

पुढे हे घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकानं घेतलं. 1856 मध्ये हेन्री मेरीवेदर हा रोपवाटिकेतला तरुण कलमासाठी काड्या मागायला आला. ब्रॅम्ली म्हणाला, खुशाल ने, पण फळाला नाव माझं लागलं पाहिजे. तेच लागलं. जिनं बी लावलं, तिचं नाव फळाला नाही. मला हे फार लागतं.

कच्चं खाल्लं तर दात आंबतात. पण साल काढा, फोडी करा, चमचाभर साखर आणि जरासं पाणी घालून मंद आचेवर ठेवा. आधी फोडींच्या कडा पांढुरक्या होतात, मग बघता बघता अख्खी फोड विरघळून फेसासारखा हलका गर होतो. खायच्या सफरचंदाच्या फोडी बहुधा तशाच राहतात. ब्रॅम्लीत मॅलिक आम्ल भरपूर, म्हणून हा गर असा सुटतो. आणि साखर घातली तरी आंबटपणा जिभेवर रेंगाळतोच. इंग्रज घरांतला अ‍ॅपल पाय, क्रम्बल, भाजलेल्या डुकराच्या मांसासोबतचा सॉस, सगळं या आंबटपणावर उभं आहे.

ब्रॅम्ली पुढे उत्तर आयर्लंडमध्ये गेलं, आर्मामध्ये इतकं रुजलं की 2012 मध्ये तिथल्या ब्रॅम्लीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण कुठलंही ब्रॅम्ली घ्या, ते मुळात याच परसातलं.

1900 च्या वादळात हे झाड आडवं झालं. तरी मेलं नाही. पडल्या खोडातूनच पुन्हा फुटलं. आता मुळांना बुरशीनं धरलंय, ती काही सोडत नाही. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी याच्या पेशींपासून प्रयोगशाळेत रोपं तयार केली. ती दुसऱ्याच्या खुंटावरची कलमं नाहीत. स्वतःच्या मुळांवर वाढलीत, मेरी अ‍ॅनच्या कुंडीतल्या रोपासारखी.