दुखायचं थांबलं तरी परत जावा

रात्रीचे दोन वाजलेत. रंकाळ्याजवळची ही गल्ली सगळी गाढ झोपलीय पण आमच्या घरात लाईट चालू आहे, कारण आईची दाढ ठणकतीय. दिवसा कसंबसं निभतं पण आडवं झालं की डोक्याकडं रक्त जास्त येतं, दाढेच्या आतला दाब वाढतो आणि कळ थेट कानापर्यंत जाते. लवंग धरून झाली, मिश्री दाबून झाली, कुणीतरी सांगितलं म्हणून डोकेदुखीची गोळी चुरून दाढेत भरली तर हिरडीच भाजली. असलं काही करू नका, कळकळीनं सांगतोय.

सकाळी राजारामपुरीतल्या दवाखान्यात एक्स-रे काढला. कीड पार आतल्या नसेपर्यंत पोचलेली, रूट कॅनल करावं लागेल म्हणाले, म्हणजे दाढ न काढता आतली नस काढायची आणि ती जागा साफ करून भरायची. आपण जिला नस म्हणतो तो दाताच्या पोकळीतला मऊ भाग, त्यात रक्तवाहिन्या पण असतात, आणि तो सुजला की फुगायला जागाच नसते कारण चारी बाजूला टणक दात, म्हणून एवढं दुखतं.

जाताना नाष्टा करून जावा, कारण नंतर दोन-तीन तास तोंड बधिर राहतं आणि तेवढ्यात काही खाल्लं तर आपलाच गाल चावला जातो. बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

आईला भीती इंजेक्शनचीच होती. टोचल्याचं कळतं, तेवढं खरं. फार सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही, मग डॉक्टर अजून एक देतात, त्यामुळं दुखलं तर सोसत बसायचं नाही, लगेच हात वर करायचा. मग दाताला रबराचा पडदा लावतात, वरून बारीक भोक पाडतात आणि सुईसारख्या फाईलनं मुळातली एकेक नळी साफ करतात. पुढच्या दाताला बहुतेक एकच नळी, दाढेला 3, कधी 4. मधे मधे औषधानं धुतात, वास ब्लीचिंग पावडरसारखा येतो. शेवटी नळ्यांत गटापर्चा भरतात, तो रबरासारखा पदार्थ झाडाच्या चिकापासून बनतो.

कधी हे एका बैठकीत होतं, आईला तीन सांगितलेल्या. पहिल्या बैठकीनंतर ठणका गेला आणि ती परत गेलीच नाही. दुखत नाही तर कशाला, म्हणाली. मी पण जोर केला नाही, ते मला अजून लागतं. नस काढली की दुखणं कळवणारंच कोणी राहत नाही, वरचं तात्पुरतं सिमेंट झिजतं, लाळेतले जंतू आत जातात. दीड महिन्यानं गाल सुजून डोळ्यापर्यंत आला. अशी सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सगळं परत पहिल्यापासून करावं लागलं. नंतर दोन-चार दिवस चावताना दुखलं, ते साध्या गोळीनं भागलं. राहिली कॅप, म्हणजे दाढेवर बसवायचं टोपण. नस काढलेली दाढ आधीच पोखरलेली असते, कॅपशिवाय हाडूक चावलं की उभी चिरू शकते, मग बहुतेक काढण्याशिवाय इलाज नाही.

कॅपच्या दिवशी डॉक्टरांनी निळा कागद चावायला दिला आणि विचारलं, उंच लागतीय का. आई लाजून बरंय म्हणणार होती, मग म्हणाली, मागच्या बाजूला जरा लागतीय. त्यांनी घासून दिली, परत कागद, परत घासली, तिसऱ्यांदा नीट बसली.