तोतया: एका शब्दाची कुळकथा

धुळे शहरात राजवाडे संशोधन मंडळाची वास्तू आहे. ज्यांचे नाव तिला दिले आहे ते इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच शहरात निवर्तले. त्यांनी गावोगावच्या दप्तरांतून जमवलेल्या कागदपत्रांचा पहिला खंड १८९८ साली छापला गेला आणि त्यात पानिपतच्या काळातील पत्रे होती. ‘तोतया’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी कायमचा बसला, त्याची पार्श्वभूमी पानिपतच्या याच रणधुमाळीत आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ रणात पडले. विश्वासरावांच्या मृत्यूबद्दल शंका नव्हती. भाऊंच्या देहाच्या ओळखीबद्दल मात्र लोकांच्या मनात संशय उरला. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलेच नाही. भाऊ कुठेतरी जिवंत आहेत आणि एक दिवस परत येतील, ही आशा पुण्याच्या वाड्यापासून साध्या शिलेदाराच्या घरापर्यंत पसरली होती. अशा वेळी उत्तरेत सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ असे सांगत पुढे आला, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणारी माणसे त्याला मिळालीही. पेशव्यांनी त्याला पकडून कैदेत टाकले. पुढे १७७६ साली रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यालाच फितवून तो बाहेर पडला, कोकणातील किल्ले त्याच्या हाती जाऊ लागले, आणि कारभाऱ्यांना महादजी शिंदे व भिवराव पानसे यांना फौजेसह त्याच्यावर धाडावे लागले. पराभवानंतर तो समुद्रमार्गे पळाला, पण आंग्र्यांच्या हाती सापडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शासन झाले.

या प्रकरणाला इतिहासात ‘तोतयाचे बंड’ म्हणतात. चेहऱ्याच्या साम्यावर कोणी बंड उभे करू शकत नाही. ते उभे राहिले ते लोकांच्या वाट पाहण्यावर, असे आम्हाला वाटते. म्हणूनच तोतया हा सामान्य ठक नव्हे. ठक नुसते खोटे बोलतो, तर तोतया दुसऱ्याचे नाव, नाते आणि अधिकार अंगावर घेतो, आणि ज्याला फसवायचे त्याच्या मनात त्या नावाला आधीच जागा असावी लागते.

आता खानदेशातील एका वेगळ्या वेषधाऱ्याकडे पाहू. दादर ज्वारी आणि बाजरी घरात आली की अमळनेर, शिरपूर, शहादा या भागांतील खेड्यांत बहुरूपी येतो. काही ठिकाणी त्याला रायरंद म्हणतात. अंगात खाकी वर्दी, हातात दंडा आणि तोंडी दटावणी: तुमच्यावर वॉरंट आहे, मुकाट्याने ठाण्यात चला. पुढचे आरोप इतके अफलातून असतात की, आधी दचकलेली म्हातारी तिसऱ्या वाक्याला हसू लागते आणि सुपात धान्य घेऊन बाहेर येते. गुजरातच्या डांगला लागून असलेल्या पश्चिम पट्ट्यात भोवाडा या लोकनाट्यामध्ये देवदानवांचे मुखवटे घालून रात्रभर नाचतात, त्यालाही लोक सोंगच म्हणतात. या सोंगाड्यांना कोणीही तोतया म्हणत नाही, कारण त्यांची कला पाहणाऱ्याने ओळखल्यावरच पुरी होते.

वर्तमानपत्रांतून मात्र ‘तोतया पोलीस’ आजही भेटतो. मोटारसायकलवरून दोघे जण येतात, पुढे चोरी झाली आहे असे सांगून एखाद्या वृद्धेला अंगावरचे दागिने काढून रुमालात बांधायला लावतात, आणि रुमाल परत देताना आत खडे निघतात. अलीकडे हाच तोतया मोबाइलच्या पडद्यावर वर्दी घालून बसतो आणि ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालतो, जी आपल्या कायद्यात मुळात अस्तित्वातच नाही.

कायद्याच्या मराठीनेही हा जुना शब्द टाकलेला नाही. ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ हा त्यातील रूढ शब्दप्रयोग आहे. भारतीय दंड संहितेत या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ नुसार ती पाच वर्षांपर्यंत आहे. ज्याचे सोंग घेतले ती व्यक्ती खरी असो वा काल्पनिक, गुन्हा तोच, असेही कायदा स्पष्ट सांगतो, म्हणजे आजच्या तोतयाला सदाशिवरावभाऊंसारख्या खऱ्या नावाची गरज उरलेली नाही. लोकसेवकाचा गणवेश घालण्याबद्दलचे कलम २०५ तर नेमके बहुरूप्याच्या वाटेवरचे आहे. तेथे नुसता वेष पुरेसा ठरत नाही. आपण खरोखरच तो लोकसेवक आहोत असे मानले जावे हा उद्देश, किंवा तसे मानले जाण्याचा संभव असल्याची जाणीव, सिद्ध व्हावी लागते.